पाचच मिनिटं थांबा!

खोटं बोलण्याचे जे अनेक प्रकार आपल्याकडे रूढ आहेत, त्यांत 'पाचच मिनिटं' याचा नंबर पहिला लागावा. 'आत्ता तुमचीच आठवण काढत होतो' हे खोटं माणूस फार तर आठवड्यातून एकदा बोलतो. पण 'पाचच मिनिटं' हे शिंपी बोलतो, दवाखान्यातला कंपाउंडर बोलतो, साडीच्या दुकानात शिरलेली बायको बोलते आणि त्याच दुकानाबाहेर पिशव्या धरून उभा असलेला नवरा, वाट पाहणाऱ्या मित्राला फोनवरून बोलतो. अर्थात ही सगळी हौशी मंडळी. मी मात्र या धंद्यातला व्यावसायिक आहे. मी बँकेत क्लार्क आहे. गेली वीसएक वर्षं काउंटरच्या काचेमागे बसून मी लोकांना 'पाचच मिनिटं थांबा' असं सांगतो आणि त्याबद्दल मला दरमहा पगार मिळतो.

तेव्हा या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, एवढं आधी मान्य करून टाका. कारण पुढे मी जरा भांडणार आहे.

भांडण आहे आमच्या नव्या साहेबांशी. साहेब वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पुण्याहून आलेले आणि इंजिनियर. बँकेत इंजिनियर काय करतात, हे मला विचारू नका. आमच्या वेळी बँकेत कॉमर्सवाले येत. तेही दुसरीकडे कुणी घेत नसे म्हणून. साहेब माणूस मात्र उमदा. चंद्रपूरचा मे महिना त्यांनी टाय लावून काढला, यावरून त्यांच्या निष्ठेची कल्पना यावी.

त्याच मे महिन्यातली एक संध्याकाळ. दिवसअखेरचा हिशेब मशीनवर चालू होता. पडद्यावर ते प्रसिद्ध गोल चक्र फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, 'प्रक्रिया सुरू आहे, कृपया प्रतीक्षा करा'. सहा वाजता प्रतीक्षा केली, सात वाजता केली. आठाच्या सुमाराला शिपायानं तो मूलभूत प्रश्न विचारला, ज्याचा सगळ्या जगाला घोर आहे : "सायेब, हे काम करून राह्यलं, का नुसतंच फिरून राह्यलं?"

साहेब हसले. म्हणाले, "दोन वर्षं थांबा. आता एआय आलंय. असा प्रोग्रॅम येईल, की दुसरा कुठलाही प्रोग्रॅम त्याच्यापुढे ठेवा, तो तपासून ठाम सांगेल : हा संपणार, की हा जन्मभर फिरत राहणार. मग वाट पाहायची भानगडच नाही."

मी म्हटलं, "तसा प्रोग्रॅम येणार नाही, साहेब."

"म्हणजे दोन वर्षांत नाही?"

"म्हणजे कधीच नाही."

शिपायाच्या हातातला पाण्याचा ग्लास हिंदकळला. क्लार्कनं साहेबाला 'नाही' म्हणण्याची आमच्या शाखेतली ही पहिलीच वेळ. 'बघतो', 'करतो', 'पाठवतो' असले शब्द असताना कुणी 'नाही' कशाला म्हणेल? पण मी म्हणून गेलो खरा. कारण माझी मुलगी नागपूरला कॉम्प्युटर शिकते. सुटीत ती झोपा काढते आणि तिची पुस्तकं मी वाचतो. फी मी भरली आहे. कुणीतरी वसूल करायला नको?

आता भांडणाचा मुद्दा काय, तो नीट मांडतो. प्रोग्रॅम म्हणजे तरी काय? हे कर, मग ते कर, अमुक झालं तर मागे जा, तमुक झालं तर थांब, अशी लेखी सूचनांची यादी. आमच्या मुख्य कार्यालयाचं परिपत्रकच म्हणा ना. काही परिपत्रकांचं पालन करता करता शेवट येतो. काहींत 'परिच्छेद चार पाहा' असं लिहिलेलं असतं आणि परिच्छेद चारमध्ये 'परिच्छेद दोन पाहा' असतं. तिथे माणूस निवृत्त होईपर्यंत फिरतो. प्रश्न एवढाच आहे : कुठलीही यादी हातात आली, की ती पाळून काम संपेल की नाही, हे आधीच आणि दर वेळी अचूक सांगणारी एक सर्वज्ञ यादी लिहिता येईल का?

साहेबांनी ताबडतोब माझ्याच धंद्यातलं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं. म्हणाले, "कर्जाचं घ्या. एक लाखाचं कर्ज, व्याज महिन्याला एक टक्का. हप्ता हजार रुपये भरला तर कर्ज फिटेल का?"

नाही फिटणार. महिन्याचं व्याजच हजार. दहा वर्षं भरा, एक लाख वीस हजार जातील आणि मुद्दल लाखच्या लाख जागच्या जागी.

"आणि हप्ता हजार एक रुपये केला तर?"

मी कागद ओढला. एका रुपयानं चमत्कार होतो. कर्ज फिटतं. ६९५ हप्ते लागतात, म्हणजे सत्तावन्न वर्षं अकरा महिने. कर्जदार नसला तरी नातू असतो, पण फिटतं. एका रुपयाच्या अलीकडे अनंतकाळ आणि पलीकडे सुटका! आमच्या मराठी संतांना हा दृष्टांत मिळाला नाही याची मला हळहळ वाटते.

"बघा," साहेब म्हणाले, "तुम्हीच आधी सांगितलंत ना, संपेल की नाही ते? मग मशीन का नाही सांगणार?"

इथेच साहेबांची आणि त्यांच्यासारख्या हजारो हुशार माणसांची गल्लत होते. एका कर्जाचं सांगता येतं, म्हणून सगळ्या प्रोग्रॅमांचं सांगता येईल असं त्यांना वाटतं. म्हणजे एका जावयाचं मन राखता आलं, म्हणून सगळ्या जावयांचं राखता येईल असं समजण्यापैकी आहे.

मी त्यांच्या बाजूचं आणखी एक उदाहरण दिलं. वादात आपण उदार असावं. देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होऊन गेले. १९०५ चा जन्म, १९८६ ला गेले. आकड्यांशी खेळणारा माणूस. त्यांनी १९४९ साली जगापुढे ठेवलेला खेळ असा : चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारी आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा ३५२४. ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणि ६१७४ चं केलं की पुन्हा ६१७४ च! कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत गाडी ६१७४ या स्टेशनात शिरते. मास्तरांना पुष्कळांनी हसून घेतलं. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा आपल्याकडच्यांनाही ते मोठे वाटू लागले. तीही आपली परंपराच आहे.

मास्तरांची गाडी थांबणार, याची हमी मी स्टँपपेपरवर देतो. कारण चार आकड्यांत संख्या आहेतच किती? दहा हजार, त्यांतल्या सारख्या आकड्यांच्या दहा वगळायच्या. उरलेल्या ९,९९० संख्या एखादा रिकामटेकडा माणूस हातानंही तपासू शकेल. (तपासणाऱ्यांनी आपल्या एटीएमचा आकडा मोठ्यानं वाचू नये, ही बँकेतर्फे सूचना.)

आता दुसरा खेळ घ्या. हा त्याहून सोपा. कुठलीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. एकावर पोचलात की थांबा. कोलाट्झ नावाच्या जर्मन गणितज्ञाच्या नावानं हा ओळखला जातो. सहापासून निघालात तर आठ पायऱ्यांत घरी. पण सत्तावीसपासून निघून पाहा : १११ पायऱ्या लागतात आणि मध्येच आकडा ९,२३२ पर्यंत चढून येतो. ताडोबाला निघालेला माणूस हिमालय चढून आला, असा प्रकार. पण येतो खाली. मशीनांनी २०२० सालापर्यंत २९५ वर अठरा शून्यं, एवढ्या संख्यांपर्यंत तपासून पाहिलं. प्रत्येक जण खाली आला. तरी 'सगळ्याच संख्या खाली येतात' असं सिद्ध करून दाखवणारा माणूस आजवर निघालेला नाही. संख्या दहा हजारांत संपत नाहीत ना! हा प्रोग्रॅम चार ओळींचा आहे, साहेब. आणि आपल्या बँकेच्या प्रोग्रॅमच्या ओळी किती, हे तो लिहिणाऱ्यांनाही माहीत नसेल.

"आज सिद्ध झालं नाही, उद्या होईल," साहेब म्हणाले. मुद्दा चोख होता. 'अजून जमलं नाही' आणि 'जमणारच नाही' यांत 'हप्ता थकला' आणि 'कर्जदार वारला' यांच्याएवढा फरक आहे. तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता काढला. त्याचं नाव ॲलन ट्युरिंग.

हा वाद तोवर शाखेतून निघून जटपुरा गेटजवळच्या चहाच्या टपरीवर पोचला होता. ट्युरिंगचं नाव निघताच तिथे बसलेले एक निवृत्त हेडमास्तर ताडकन म्हणाले, "ट्युरिंग? त्याचे वडील आपल्या चंद्रपूरला होते!" टपरीवर अभिमानाची एक लाट आली. टपरीवाल्यानं एक कटिंग जास्त भरला. मलाही मोह झाला. पण पोस्टिंग चुकीच्या खात्यात गेलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही. ट्युरिंगचे वडील आयसीएस होते हे खरं, पण ते होते छत्रपूरला. छत्रपूर तेव्हाच्या मद्रास इलाख्यात होतं, आता ओडिशात आहे. ते रजेवर विलायतेला गेले असताना १९१२ साली लंडनमध्ये ॲलनचा जन्म झाला. आणि १९१२ साली आमच्या गावाचं नाव चंद्रपूर नव्हतंच, चांदा होतं. हेडमास्तर हिरमुसले. म्हणाले, "एका अक्षराचा तर फरक!" बँकेत एका अक्षराच्या फरकानं चेक परत जातो, हे मी त्यांना सांगितलं नाही. माणूस आधीच दुःखी होता.

तर या ट्युरिंगनं १९३६ साली, म्हणजे आजच्यासारखी कॉम्प्युटर मशीनं जन्मायच्या आधी, एक निबंध लिहिला. तो पाठवला तेव्हा त्याला चोवीसही पूर्ण नव्हती. त्यातला प्रश्न शब्दांनी जरा वेगळा होता. 'थांबण्याचा प्रश्न' हे नाव पुढच्या लोकांनी दिलं. पण युक्ती त्याची. ती मी टपरीवर समजावून सांगितली, ती आमच्या मामांच्या आधारानं.

मामा आमच्याकडे येतात. मामांचा स्वभाव जन्मजात उलटा. "मामा, बसा ना" म्हटलं की उठतात, "मामा, निघालात वाटतं?" म्हटलं की उशी मागवतात. आता समजा एक ज्योतिषी आला. त्याचा दावा असा, की कुठल्याही पाहुण्याची पत्रिका दाखवा, हा कधी ना कधी उठणार की कायमचा बसणार, हे माझ्या पोथीवरून बिनचूक निघतं. आम्ही मामांची पत्रिका ठेवली. ज्योतिषी म्हणाला, "उठतील." मामांनी ऐकलं आणि मांडी ठोकली ती ठोकलीच. "बरं, उठणार नाहीत." मामांनी चप्पल घातली!

तुम्ही म्हणाल, ज्योतिष्यानं यजमानाच्या कानात सांगावं, म्हणजे मामांना कळणार नाही. इथेच ट्युरिंगची खरी गंमत आहे. मामांनी ती पोथी स्वतः पाठ केली आहे! ज्योतिष्यानं कितीही हळू बोलावं; मामा त्याच पोथीवरून स्वतःची पत्रिका स्वतः मांडतात, उत्तर काढतात आणि बरोब्बर उलटं वागतात. पोथी 'उठेल' म्हणाली तर बसतात, 'उठणार नाही' म्हणाली तर उठतात. म्हणजे पोथी काहीही म्हणो, मामांच्या बाबतीत ती खोटी पडते. आणि पत्रिका मांडता मांडताच मामा अडकून बसले, तर 'उत्तर दर वेळी निघतं' हा पोथीचा दावाच बुडाला. दोष ज्योतिष्याच्या अभ्यासाचा नाही. अशी पोथी असूच शकत नाही.

आता पोथीच्या जागी साहेबांचा सर्वज्ञ प्रोग्रॅम घाला. ज्या दिवशी तो तयार होईल, त्या दिवशी कुठलंही वात्रट पोर तो पोटात घालून एक 'मामा' प्रोग्रॅम लिहील : सर्वज्ञाला स्वतःबद्दल विचार आणि तो सांगेल त्याच्या उलट कर. झालं. सर्वज्ञाचं दिवाळं.

साहेब एक कप चहा गप्प राहिले. दुसऱ्या कपाला त्यांनी तीन मुद्दे काढले. माणूस इंजिनियर आहे, हे मी आधीच सांगितलंय.

पहिला मुद्दा : एआय. उत्तर अगदी सोपं. एआय कितीही मोठं असलं तरी चालतं कशावर? कॉम्प्युटरवर. म्हणजे तोही एक प्रोग्रॅमच. मामा त्यालाही पोटात घालतील. पोथी सोनेरी कागदावर छापली म्हणून मामा ऐकत नसतात.

दुसरा मुद्दा भारी होता. "खऱ्या मशीनची मेमरी मर्यादित असते," साहेब म्हणाले. "तिच्या स्थितीही मर्यादितच. एकच स्थिती हुबेहूब पुन्हा आली की समजायचं, हे गोल फिरतंय. म्हणजे तत्त्वतः सांगता येतं!" बरोबर आहे. कापरेकर मास्तरांच्या ९,९९० संख्यांसारखंच ते आहे. पण मोजून बघा. होय-नाही अशा नुसत्या तीनशे खुणा लक्षात ठेवणारं मशीन घेतलं, तरी त्याच्या वेगवेगळ्या स्थिती दोनचा तीनशेवा घात इतक्या होतात. दिसणाऱ्या साऱ्या विश्वात अणू आहेत, त्यांच्या अंदाजापेक्षा हा आकडा मोठा. आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्ये अशा खुणा तीनशे नाहीत, अब्जावधी आहेत. 'तत्त्वतः' होणारी कामं किती होतात, ते आम्हा सरकारी बँकवाल्यांना विचारा. तत्त्वतः मंजूर झालेली माझी बदलीही अजून यायची आहे.

तिसरा मुद्दा : "मग असे तपासणारे प्रोग्रॅम मुळीच नसतात का?" असतात, साहेब, आणि ते फार उपयोगीही असतात. पण ते प्रामाणिक असतात. त्यांच्याकडे उत्तरं तीन असतात : 'थांबेल', 'थांबणार नाही' आणि 'मला सांगता येत नाही'. ट्युरिंगनं फक्त एकाच प्राण्याला बंदी केली आहे : ज्याला प्रत्येक वेळी उत्तर येतं आणि कधीच 'माहीत नाही' म्हणावं लागत नाही, तो. ज्योतिष्यानं एकदा 'तुमच्या मामांचं मला सांगता येत नाही' असं म्हटलं असतं, तर त्याची पोथी शाबूत राहिली असती आणि मामांचा विरस झाला असता.

आता तुम्ही विचाराल, एवढं भांडून एका क्लार्कला काय मिळालं? खरं कारण टपरीवर मी सांगितलं नाही. इथे सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. जूनचा पहिला आठवडा. तेंदूपत्त्याचे पैसे लोकांच्या खात्यात जमा झाले होते आणि पेरणी तोंडावर होती. एक आजी दुपारी बाराला काउंटरवर आल्या. धानाच्या बियाण्याला पैसे हवे होते. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. मी अंगठा घेतला आणि चक्र फिरायला लागलं. तिकडे 'लिंक गेली' हा शब्द पाऊस गेला, वीज गेली, इतकाच घरगुती आहे. पण त्या दिवशी लिंक धड गेलीही नव्हती. चक्र फिरत होतं.

"आजी, पाचच मिनिटं थांबा," मी म्हटलं. साडेबाराला म्हटलं, दीडला म्हटलं. अडीच वाजता आजी उठून काचेजवळ आल्या. त्यांच्या गावच्या फाट्याला जाणारी गाडी साडेतीनची, आणि तीच शेवटची. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बाबू, होते का नाही होत, ते सांग. नाही होत तं तसं सांग. मी जातो."

आता बघा, ट्युरिंगचा प्रश्न याहून स्वच्छ शब्दांत कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. आणि उत्तर मला ठाऊक होतं : 'आजी, मला माहीत नाही.' चार शब्द. पण काचेमागे बसलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते. लोक म्हणतील, मग बसलाय कशाला? मी म्हटलं, "आजी, पाचच मिनिटं."

त्या पुन्हा बाकावर बसल्या. साडेतीनची गाडी गेली. चार वाजून दहा मिनिटांनी चक्र थांबलं आणि पैसे मिळाले. म्हणजे वादाच्या दृष्टीनं पाहिलं तर माझंच खरं झालं. काम झालं होतं. आजींनी नोटा मोजून पदराला बांधल्या आणि मला 'बरं झालं, बाबू' असं म्हणून त्या गेल्या. रात्र त्यांनी बसस्टँडच्या बाकावर काढली, पदराची गाठ मुठीत धरून. हे मला दुसऱ्या दिवशी शिपायानं सांगितलं.

तेव्हापासून 'पाचच मिनिटं' म्हणताना माझी जीभ अडखळते. आणि 'आता असं मशीन येईल, की आधीच सगळं सांगेल' असं कुणी म्हणालं, की माझं डोकं फिरतं. त्या मशीनची वाट पाहत आपण पुन्हा आजींनाच बाकावर बसवणार, म्हणून. ते मशीन येणार नाही. साधा उपाय मात्र केव्हाचा आहे आणि तो इंजिनियरांचा नाही, आम्हा कॉमर्सवाल्यांचा आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत एक जुने हेड कॅशियर होते. त्यांच्या उमेदीत लेजरं हातानं लिहीत. संध्याकाळी तेरीज जुळायची नाही. दहा पैशांचा फरक. तो पाच मिनिटांत सापडेल की पहाटे, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसे. ते सांगत, "आमचा नियम होता. साडेआठ वाजले की फरक उचंत खात्यात टाकायचा आणि माणसं घरी. उद्या उजेडात शोधू." उचंत खातं! जगातल्या सगळ्यात शहाण्या माणसानं हे खातं शोधून काढलं असलं पाहिजे. काम संपेल की नाही हे मला कळत नाही, हे त्यात लेखी कबूल केलेलं असतं. पण वाट कधीपर्यंत पाहायची, हे मात्र मी ठरवलेलं असतं. कॉम्प्युटरवालेही आता हेच करतात. अमुक वेळात उत्तर आलं नाही तर काम सोडून द्यायचं, असं ते प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवतात. त्याला ते टाइमआउट म्हणतात. नाव इंग्रजी, पण अक्कल आमच्या उचंत खात्याची.

गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गाव आहे. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ साली त्यांना तो मिळाला. तिथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग सभा कधी संपेल याची खात्री काय?" काहीच नाही. पण एकमत झालं नाही तर विषय पुढच्या सभेला ठेवतात आणि माणसं आपापल्या कामाला लागतात. वाद चालू राहतो. माणूस अडकून पडत नाही. हा फरक जंगलातल्या गावाला कळतो आणि वातानुकूलित मुख्य कार्यालयाला कळत नाही, ही माझी तक्रार आहे.

म्हणून गेल्या महिन्यात मी एक पुठ्ठा घेतला आणि स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'मशीन अडकलं आहे. कधी सुरू होईल ते आम्हाला माहीत नाही. तीन वाजेपर्यंत झालं नाही तर आज होणार नाही असं समजावं. गाडी चुकवू नये.' आणि तो काउंटरवर टांगला. पहिल्याच दिवशी दोन माणसं तो वाचून निघून गेली, पण जाताना हसून गेली. मशीन अडकलेलं असताना माणसं हसून गेली, असं माझ्या नोकरीत प्रथमच घडलं.

साहेबांनी पुठ्ठा वाचला. 'आम्हाला माहीत नाही' या शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणाले, "मुद्दा मला पटला. पण बँकेच्या फलकावर हे शब्द चालतील का, ते वर विचारायला हवं." पत्र माझ्याकडूनच टाइप करून घेऊन त्यांनी वर पाठवलं. तीन आठवडे झाले. चौकशी केली की तिकडून उत्तर येतं : 'प्रक्रिया सुरू आहे.'

ती संपेल का? साहेबांना माहीत नाही, मला माहीत नाही आणि कुठल्या मशीनला माहीत असण्याची शक्यता नाही. म्हणून मी आमच्या हेड कॅशियरांचा नियम लावला आहे. ३१ मार्चपर्यंत वाट पाहायची. तोपर्यंत तो पुठ्ठा मी उचंत खात्यात टाकला आहे.

म्हणजे काउंटरवर लावूनच ठेवला आहे.